हात कुठपर्यंत

नुकसान कळलं तेव्हा मी स्टुलावर उभा होतो आणि कुमुद खाली उभी राहून मला चुका सांगत होती. दसऱ्याची सकाळ होती. दाराला झेंडूचं तोरण बांधायचं चाललं होतं. माझ्या मते तोरण सरळ होतं, तिच्या मते ते डावीकडे उतरलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्या मताचं पुढे काय होतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी डावीकडचं टोक वर घेतलं. त्यावर ती म्हणाली, आता उजवीकडे उतरलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "माणूस कसा आहे?" आणि थोड्या वेळाने, "गाडी हलवू नका. मी येते."

मी वरूनच विचारलं, "आणि तोरण?"

"राहू द्या तसंच. मोटारसायकल काढा."

निघाल्यावर मागे बसून तिने कानाशी सांगितलं. उद्धव गोरेचा टेम्पो कालच आमच्या सर्व्हिस सेंटरमधून गेला होता. आज पहाटे झेंडू भरून तो सोलापूरला निघाला आणि वैरागच्या अलीकडे पुढचं डावं चाक निघून शेतात गेलं. टेम्पो बाजूला कलंडला. उद्धवच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. बाकी तो शुद्धीवर होता आणि फुलांच्या नावाने ओरडत होता. एवढं ऐकून माझा जीव थोडा खाली आला.

आमचं सर्व्हिस सेंटर म्हणजे शेटे अप्पांचं. बार्शीत, लातूर रस्त्याला. माल वाहणाऱ्या छोट्या टेम्पोंची दुरुस्ती तिथे व्हायची. मी स्पेअर पार्टच्या काउंटरला होतो. कुमुद माझ्यानंतर लागली, रिसेप्शनला. पण गिऱ्हाइकाचं ऐकून घेणं आणि मेकॅनिककडून काम करून घेणं या दोन्ही गोष्टी तिला जमायच्या. त्या वर्षी आमचा सर्व्हिस मॅनेजर पुण्याला नोकरी मिळाली म्हणून निघून गेला आणि अप्पांनी कुमुदला त्या खुर्चीत बसवलं. तात्पुरतं, असं म्हणून. म्हणजे घरी मी मोठा आणि वर्कशॉपमध्ये ती.

मी तिला तिथे मॅडम म्हणायचो. पहिल्या दिवशी सगळे खाली माना घालून हसले. जेवणाच्या सुट्टीत मला विचारायचे, घरी भाजी वाढून घ्यायला अर्ज करावा लागतो का. मी सांगायचो, अर्ज चालत नाही, समक्ष यावं लागतं. एकदा घरी तोंडातून मॅडम निघून गेलं. ते तिला पुढे कितीतरी दिवस पुरलं. पाहुण्यांसमोरसुद्धा पुरलं.

वैरागच्या अलीकडे पोचलो तर रस्ता पिवळाधमक. टेम्पो एका अंगावर टेकून उभा होता आणि आजूबाजूच्या वस्तीवरच्या बायका, म्हातारी माणसं पाट्या घेऊन फुलं वेचत होती. सणाचा दिवस, त्यात झेंडू फुकट. एका म्हाताऱ्याने मलाही ओंजळभर देऊ केला, घरच्या तोरणाला. उद्धवला कोणीतरी जीपमधून दवाखान्यात नेलं होतं.

कुमुद फुलांकडे बघायला थांबली नाही. आधी जिथून चाक निघालं होतं तिथे वाकली. बोल्ट शाबूत होते, नट एकही नव्हता. मग दुसऱ्या बाजूला गेली. उजव्या चाकाचे नट होते, पण बोटाने फिरत होते. ती तिथे बराच वेळ उकिडवी बसली. चाकावर काहीतरी तिने बोटाने खरवडलं, नाकाशी नेलं आणि मग पदराला बोट पुसलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "या गाडीला क्रेन लावून आपल्या वर्कशॉपला आणायची. पण कुणी धुवायची नाही. चिखल असला तरी."

परत येताना अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे मल्लिकार्जुन शेटे. तेलाची गिरणी, पेट्रोल पंप आणि हे सर्व्हिस सेंटर. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कुठलीही गोष्ट लवकर संपवायची सवय होती. मोटारसायकल चालू असूनही मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते म्हणाले, उद्या सकाळी वर्कशॉप उघडलं की येतो. मला एक नाव काढून ठेवा. ज्याचं नाव निघेल तो उद्यापासून घरी. मला कहाणी सांगू नका. आणि नाव निघत नसेल तर कुमुदबाई, मग खुर्चीवरचं माणूसच बदलावं लागेल.

त्या टेम्पोचं ब्रेकचं काम दिलावरने केलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. दिलावर शिकलगार. आमच्याकडचा सगळ्यांत जुना मेकॅनिक. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बार्शीत दुसऱ्या कुठल्या गॅरेजने पगारावर घेतलं नसतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. मी घरी आल्यावर तिला म्हणालो, अप्पांना नाव हवंय तर देऊन मोकळी हो, तुझी स्वतःची नोकरी अजून तात्पुरती आहे.

"कुणाचं देऊ?" तिने विचारलं.

मी म्हणालो, ते मला कसं माहीत.

"मग तुम्हाला मॅनेजर केलं नाही ते बरंच झालं," ती म्हणाली आणि पुरणाला बसली.

दुपारनंतर सोनं द्यायला लोक यायला लागले. आपट्याची पानं हातात ठेवायची, मोठ्यांच्या पाया पडायचं, गोड खायचं आणि जायचं, असा दरवर्षीचा प्रकार. त्या वर्षी आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पान देता देता स्वतःला सोडवून घेत होता. धुलाईवाला म्हणाला, त्याने फक्त काच पुसली होती. बिलं करणारा म्हणाला, तो नवमीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये पायसुद्धा ठेवत नाही. एकाने सांगितलं, देवीची इच्छा. दुसऱ्याने सांगितलं, पूजेत काहीतरी कमी पडलं असणार. कुमुदने त्याला पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, "देवीचं नाव देता येत नाही. ती आपल्याकडे कामाला नाही."

त्या आदल्या दिवसाचं थोडं सांगायला हवं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. सगळे पाने, जॅक, हातोड्या धुऊन पुसून एका मोठ्या टेबलावर लाल कापडावर मांडायच्या. फुलं वाहायची, आरती करायची. एकदा हत्यार टेबलावर गेलं की दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा नियम. दिलावर तर हे सगळ्यांत कडक पाळायचा. पाने घासायला तोच पहाटे यायचा आणि टेबलावर ओळीने तोच लावायचा. दुसऱ्या कुणी लावले तर त्याला पसंत पडायचे नाहीत. शिवाय उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला हळदकुंकू लावलं जायचं. ते काम कुमुदकडे असायचं. पूजा एरवी दुपारी बारा वाजता होई, सकाळची कामं संपवून. त्या वर्षी ती सकाळीच झाली.

दिवेलागणीच्या आधी दिलावर आला. त्याने कुमुदच्या हातात पानं ठेवली. ती त्याच्यापेक्षा लहान, म्हणून ती वाकली. तो सतरंजीवर बसला. कुमुदने त्याला पोळी वाढली.

मग म्हणाला, "ताई, माझं नाव द्या."

कुमुदने त्याला विचारलं की नट आवळले होते का. तो म्हणाला, नाही. ब्रेकचं काम झालं, चाकं चढवली, नट हाताने बसवले. पाना घ्यायला वळलो तर पूजेला बोलावणं आलं, सगळी हत्यारं टेबलावर. पाना तिकडे गेला. गाडी दसऱ्यानंतरच जाणार असं मी धरून चाललो होतो. पिवळी खूण मी केलेली नव्हती, मग गाडी बाहेर जाईलच कशी?

आमच्याकडे तशी पद्धत होती. चाकाचे नट पान्याने पूर्ण आवळले की मेकॅनिक त्यांच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका नसेल तर गेटवरचा माणूस किल्ली द्यायचा नाही. ही पद्धत कुमुदनेच आणली होती.

दिलावरचं बोलणं चालू असतानाच गेटवरचा बब्रुवान सोनं घेऊन दारात आला. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"खूण होती," बब्रुवान म्हणाला. "मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. चारी चाकांवर पिवळं होतं. म्हणून तर किल्ली दिली."

"मी केली नाही."

"मग काय माझ्या डोळ्यांत रंग होता?"

दिलावरने हातातली पोळी ताटात ठेवली. एरवी या दोघांची मैत्री चांगली. रोज दुपारी डबा एकत्र. बब्रुवान त्याला मामू म्हणायचा आणि त्याच्या डब्यातलं निम्मं कालवण संपवायचा. आता एकाच सतरंजीवर दोघे दोन टोकांना सरकले. दोघांतला एक खोटं बोलतोय, हे मलाही दिसत होतं. कोण, ते दिसत नव्हतं. बब्रुवानने आईची शपथ घेतली. दिलावरने शपथ घेतली नाही. म्हणाला, शपथ कशाला, मी नाव देतोय ना.

मला वाटलं कुमुद दोघांना उभं आडवं घेईल. तिने बब्रुवानला पोळीवर दूध वाढलं, दिलावरला उरलेली पोळी संपवायला लावली आणि दोघांनाही सांगितलं की सकाळी वेळेवर या, हत्यारांचं टेबल उचलायचंय. जाताना दोघे वेगवेगळ्या बाजूंनी गेले.

मी विचारलं, "कोण खरं बोलतंय?"

"दोघंही," ती म्हणाली. आणि दारातलं तोरण बघून म्हणाली, "हे अजून वाकडंच आहे."

सकाळी टेम्पो वर्कशॉपच्या मधोमध उभा होता. मोडलेली बाजू जॅकवर, चिखल तसाच. कुमुदने सगळ्यांना त्याच्याभोवती उभं केलं. अप्पा आले, पांढरी टोपी, हातात छत्री. ऊन असो, पाऊस असो, छत्री असायचीच. त्यांना खुर्ची दिली. ती टेम्पोच्या अगदी समोर ठेवली होती. अप्पा बसले आणि म्हणाले, "सांगा नाव."

"सांगते," कुमुद म्हणाली. "पण मी विचारीन ते आधी सगळ्यांनी सांगायचं. कुणी काय केलं, हे मी विचारत नाही. ते विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं सांगतो. या गाडीच्या बाबतीत तुमचा हात कुठपर्यंत होता, तेवढं सांगा. आपलंच. दिलावरभाई, तुम्ही."

दिलावर कालचंच बोलला. चाकं चढवली, नट हाताने लावले, तिथपर्यंत माझा हात. मग थांबला. कुमुद नुसती उभी राहिली. तो पुन्हा बोलायला लागला. म्हणाला, पाना टेबलावर जाताना मला सांगायला हवं होतं की माझं काम अर्धं आहे. पूजेच्या वेळी कसं बोलावं म्हणून नाही बोललो. तिथे माझा हात होता.

कुमुद त्याला म्हणाली, "दिलावरभाई, पुढच्या वेळी आरती चालू असली तरी बोलायचं. देवी रागावणार नाही. मी रागावेन, पण ते तुम्ही सोसाल."

कोणीतरी हसलं. दिलावरही थोडा हसला.

मग बब्रुवान. त्याने सांगितलं की दुपारी उद्धव आला. रानात फुलं तोडून पडली होती, संध्याकाळपर्यंत गाडी नाही मिळाली तर माती होते म्हणाला. गडबडीत होता. मी चाकांकडे बघितलं, पिवळं दिसलं, किल्ली दिली. वाकून बघितलं नाही. गेटवरूनच बघितलं. एवढं बोलून तो हळूच म्हणाला, "पण पिवळं होतं, मॅडम."

"होतं," कुमुद म्हणाली.

दिलावरने तिच्याकडे बघितलं. जणू त्यालाच खोटं ठरवलं होतं.

तिने माझ्याकडे बघून विचारलं, "पार्टवाले, तुमचा?"

मला हे अपेक्षित नव्हतं. मी म्हणालो, मॅडम, पूजा चालू असताना करंड्यातलं कुंकू संपलं म्हणून तुम्ही मला बाजारात पिटाळलं. सणाची गर्दी होती. मी येईपर्यंत आरती झाली होती. बस, एवढंच.

"म्हणजे कोपऱ्यातल्या गाड्यांना कुंकू मिळालं नाही," ती म्हणाली. "बरोबर?"

मी म्हणालो, बरोबर. तरी मला काही कळलं नव्हतं.

ती टेम्पोच्या उजव्या चाकाशी गेली. वाकून तिने दोन बोटांनी चाकाच्या मधोमध खरवडलं आणि बब्रुवानकडे गेली. "वास घे."

बब्रुवानने वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी विसरणार नाही. चाळिशीच्या माणसाचा चेहरा एवढ्याशा मुलासारखा झाला.

"हळद," तो म्हणाला.

"हळद," ती म्हणाली. "परवा सगळ्या गाड्यांना हळदकुंकू लावलं. हा टेम्पो कोपऱ्यात शेवटी होता. कुंकू संपलं होतं, म्हणून चारी चाकांना नुसती हळद लावली. ओली. नटांच्या मधोमध. माझ्या बोटाने. दुरून बघितलं तर आपल्या पिवळ्या खुणेसारखीच दिसते. खूण मी ठरवली, रंग मी ठरवला, आणि पूजेच्या दिवशी हळदीचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आणि हत्यारं गोळा करा म्हणून ओरडले ती मीच. कुणाचं काम अर्धं आहे का, हे विचारलं नाही. माझा हात इथपर्यंत होता."

 ती काल हे सगळं जाणून पोळ्या वाढत होती. तिने ती हळद रस्त्यातच पुसली असती तर आज दिलावर नाहीतर बब्रुवान घरी बसला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. मला तर नक्कीच कळलं नसतं.

ती पुढे म्हणाली, "आणखी कुणाचं सांगायचं राहिलं असेल तर सांगावं."

ती अप्पांकडे बघत नव्हती. टेम्पोकडे बघत होती. पण बाकीच्यांच्या नजरा हळूहळू अप्पांकडे वळल्या. कारण नवमीच्या सकाळी वर्कशॉपमध्ये अप्पांचा फोन आला होता, तो बऱ्याच जणांनी ऐकला होता. गिरणीवर पाहुणे येणार आहेत, मला तिकडे जायचंय, तुमची पूजा आत्ताच उरका. कामं असतील तशी ठेवा, देवाला थांबवू नका. कुमुदने त्यांना फोनवर दोनदा सांगून बघितलं होतं की सकाळी गाड्या उघड्या असतात. तेही आम्ही ऐकलं होतं.

अप्पांनी टोपी काढून परत घातली. छत्रीचं टोक फरशीवर फिरवलं. मग विचारलं, "चहा सांगितलाय का?"

चहा सांगितला. तो आला. अप्पा चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मी एक नाव मागितलं होतं."

"तीन दिली, अप्पा," कुमुद म्हणाली. "एकट्याच्याने चाक निघत नाही."

"तिघांना घरी पाठवलं तर गेट कोण उघडेल?"

"म्हणूनच म्हणते, माझं पहिलं धरा. बाकी दोघांचं मी बघते."

अप्पांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. दिलावरची नोकरी जात नाही हे त्याच क्षणी ठरलं, असं मला वाटतं, पण ते तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की गोरेची गाडी आपल्या खर्चाने नीट करून द्या, फुलांचंही बघा आणि कुमुदबाई, तुम्ही उद्यापासून रिसेप्शनला बसा. मॅनेजरच्या खोलीला कुलूप लावा. किल्ली त्यांनी स्वतः खिशात घातली.

संध्याकाळी आम्ही उद्धवच्या घरी गेलो. कुमुद, दिलावर, बब्रुवान आणि मी. खांद्यापासून पट्टा बांधून तो बाजेवर बसला होता. तिघांनी एकेक करून आपापलं सांगितलं, जसं सकाळी सांगितलं तसंच. एक शब्द कमी नाही. उद्धवने सगळं ऐकलं. गाडीचं म्हणाल तर दुरुस्त होईल, फुलांचं अप्पा देतील हेही ऐकलं. मग म्हणाला, "अहो, मी भांडायची तयारी करून बसलो होतो. आता काय करू?"

त्याची बायको म्हणाली, चहा करा म्हणा. ती हसली म्हणून तोही हसला आणि मग खांदा दुखला म्हणून कण्हला. आम्ही निघालो तेव्हा म्हणाला, फुलं गेली ते गेलं, पण वैरागपर्यंत दोन्ही बाजूंच्या दारांवर माझंच तोरण आहे, एवढं मात्र कुणाला जमलं नसतं.

परत येताना बब्रुवान दिलावरच्या मागे बसला. दुसऱ्या दिवशी त्याने दिलावरच्या डब्यातलं निम्मं कालवण खाल्लं.

कुमुद रिसेप्शनला बसली. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण घरी ती भांडी जरा जास्त जोरात ठेवायची. मी विचारलं, मॅडम, काही बिनसलंय का. म्हणाली, आता मी मॅडम नाही, तुमच्याच बरोबरीची आहे, भांडी तुम्ही घासा. मी घासली.

सोलापूरहून नवीन मॅनेजर आला. टाय लावून यायचा. मेकॅनिक त्याला काही विचारायचे नाहीत, रिसेप्शनला येऊन कुमुदला विचारायचे. मग तोही रिसेप्शनला येऊन कुमुदला विचारायला लागला. संक्रांतीच्या सुमाराला तो दुसरीकडे गेला. एका सकाळी बब्रुवानने काउंटरवर आणून खोलीची किल्ली ठेवली. अप्पांनी दिलीय म्हणाला. निरोप काय आहे विचारलं तर म्हणाला, निरोप नाही, नुसती किल्ली.

ती पुढे निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत बसली. खुणेचा रंग तिने पांढरा केला. आणि आजही आमच्या वर्कशॉपमध्ये नवमीला हळद फक्त स्टिअरिंगला लावतात, चाकाला नाही. नवीन माणूस लागला की त्याला वाटतं ही शेटे घराण्याची काही जुनी रीत असेल. जुनी माणसं त्याला काही सांगत नाहीत. पहिल्या नवमीला त्याला चूक करू देतात आणि मग सगळे एकदम ओरडतात.

घरी तर तिच्या त्या प्रश्नाने मला फार त्रास दिला. दूध उतू गेलं, तुमचा हात कुठपर्यंत होता. पाहुण्यांना लग्नाची तारीख चुकीची सांगितली, हात कुठपर्यंत होता. मी सांगायचो, तुझ्याशी लग्न करेपर्यंतच माझा हात, पुढचं सगळं तुझं. त्यावर ती म्हणायची, मग ठीक आहे.

अप्पांबद्दल मात्र आमच्यात दरवर्षी पैज लागायची. पूजेला ते येऊन बसले की ती मला खुणेने विचारायची. मी मान हलवायचो. ती म्हणायची, सांगतील एक दिवस, माणूस वाईट नाही. मी म्हणायचो, माणूस वाईट नाही म्हणूनच सांगणार नाही, वाईट माणसाला सांगायला काही वाटत नाही. ती म्हणायची, बघा तुम्ही. तिला त्यांच्याकडून माफी नको होती. ती म्हणायची, त्यांनी सांगितलं की ती गाडी पूर्ण होईल.

गेल्या पौषात कुमुद गेली. सकाळी चहा केला, कपात ओतला, मला हाक मारली आणि गेली. मी बाहेर पेपर वाचत होतो. आलो, आलो, म्हणालो. आलो तेव्हा ती खाली बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच आला असतात तरी काही झालं नसतं. ते मला दिवसातून एकदा आठवून घ्यावं लागतं.

दिवस व्हायच्या आधी अप्पा घरी आले. आता ते काठी घेऊन चालतात, छत्री सुटली. दिलावरने त्यांना धरून आणलं, तोही आता म्हातारा झाला आहे, दोघांत कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. अप्पा तिच्या फोटोसमोर बसले. बरंच बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या नवमीला..."

मी वाट बघितली. दिलावरनेही बघितली. आतल्या खोलीतल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

अप्पांनी घसा साफ केला आणि पाणी मागितलं. मी आणून दिलं. ते पाणी प्याले, भांडं खाली ठेवलं आणि काठीवर जोर देऊन उठले. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. दार लावताना माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, फार कडक बाई होती. मी म्हणालो, होती.

यंदाच्या नवमीला त्यांचं बोलावणं आलं, मी गेलो होतो. ते खुर्चीत बसले होते, मी काउंटरपाशी उभा होतो. आरती झाली, प्रसाद झाला, सगळे गेले.

अप्पांनी त्यांचं अजून सांगितलेलं नाही.